लवकर मिळालेला प्रवेश आणि थांबण्याची किंमत

वेस्ट मांबलम (चेन्नई) : बारावीचे गुण हाती पडण्याआधी किंवा पडताच पदवी प्रवेशाचा निर्णय घेण्याची वेळ तमिळनाडूतील अभियांत्रिकी इच्छुकांवर दर उन्हाळ्यात येते. खासगी अभिमत विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा एप्रिलमध्ये होतात आणि मे महिन्यात तेथील जागांचे वाटप सुरू होते. राज्याची केंद्रीय समुपदेशन प्रक्रिया मात्र जुलैमध्ये सुरू होते. या दोन तारखांमधील आठवड्यांत विद्यार्थ्याला हातातली जागा घ्यायची की अधिक चांगल्या आणि स्वस्त जागेची वाट पाहायची, हे ठरवावे लागते.

हा प्रश्न वरकरणी वेळापत्रकाचा वाटतो. प्रत्यक्षात तो जोखमीच्या वाटणीचा आहे. लवकर दिलेल्या प्रवेशामुळे संस्थेला जागा भरल्याची खात्री मिळते आणि विद्यार्थ्याला निश्चिंतता मिळते. या व्यवहाराची किंमत मात्र सध्याच्या रचनेत जवळजवळ पूर्णपणे कुटुंबच मोजते. ज्याला थांबणे परवडते त्याच्यासमोर पर्याय अधिक राहतात आणि ज्याला परवडत नाही तो पहिल्या मिळालेल्या जागेवर समाधान मानतो. गुणवत्तेच्या यादीत हा फरक कोठेही नोंदवला जात नाही.

दोन वेळापत्रकांमधील अंतर

मांबलम रेल्वे स्थानकाच्या एका बाजूला त्यागराय नगरची बाजारपेठ आणि दुसऱ्या बाजूला वेस्ट मांबलम, अशी या भागाची ओळख आहे. आर्य गौडा मार्ग, अयोध्या मंडपम आणि लेक व्ह्यू मार्गाच्या परिसरात प्रामुख्याने नोकरदार व निवृत्त मध्यमवर्ग राहतो. शिक्षण हीच येथील बहुतेक घरांची मोठी गुंतवणूक असते. त्यामुळे प्रवेशाच्या वेळापत्रकाचा परिणाम अशा वस्तीत थेट घरखर्चाच्या वहीत उमटतो.

२०२५ च्या हंगामाच्या तारखा पाहिल्यास चित्र स्पष्ट होते. जेईई मुख्य परीक्षेचे दुसरे सत्र एप्रिलच्या सुरुवातीला झाले. वेल्लूर येथील व्हीआयटी आणि चेन्नईजवळील एसआरएम यांसारख्या अभिमत विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षाही एप्रिलमध्येच पार पडल्या. तमिळनाडू राज्य मंडळाचा बारावीचा निकाल ८ मे रोजी, तर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा निकाल १३ मे रोजी लागला. जेईई प्रगत परीक्षेचा निकाल २ जून रोजी आणि वैद्यकीय प्रवेशासाठीच्या 'नीट'चा निकाल १४ जून रोजी जाहीर झाला. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशाची गुणवत्ता यादी २७ जूनला लागली आणि सर्वसाधारण गटाच्या समुपदेशन फेऱ्या १४ जुलैपासून सुरू झाल्या. म्हणजे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला स्वतःचे गुण समजल्यापासून शासकीय प्रक्रियेत पहिली जागा मिळण्याची शक्यता निर्माण होईपर्यंत नऊ आठवड्यांहून अधिक काळ लोटला. याच काळात खासगी संस्थांच्या शुल्क भरण्याच्या मुदती येऊन गेल्या.

शासकीय प्रक्रियेचा विलंब सर्वस्वी प्रशासकीय ढिलाईमुळे होतो, असे म्हणता येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि अण्णा विद्यापीठाची संलग्नता मिळालेल्या महाविद्यालयांची अंतिम यादी हाती आल्याशिवाय जागांची संख्या निश्चित होत नाही. शिवाय आयआयटी, एनआयटी आणि वैद्यकीय महाविद्यालयांकडे जाणारे विद्यार्थी आधी बाहेर पडले नाहीत, तर राज्याच्या यादीत अडवलेल्या जागा नंतर रिकाम्या होतात. सार्वजनिक व्यवस्था उशिरा सुरू होते, कारण तिला सर्वांचा विचार करावा लागतो. खासगी संस्थेला केवळ स्वतःच्या वर्गखोल्या भरायच्या असतात.

तमिळनाडूच्या पद्धतीचा एक विशेष येथे लक्षात घ्यायला हवा. व्यावसायिक शिक्षणसंस्थांतील प्रवेशासंबंधीच्या २००६ च्या कायद्याने राज्याने अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रवेश परीक्षा रद्द केली. तेव्हापासून बारावीच्या गुणांवरच प्रवेश होतो. गणिताचे १०० आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० असे २०० पैकी 'कट-ऑफ' गुण काढले जातात. गणितात ९५, भौतिकशास्त्रात ९० आणि रसायनशास्त्रात ९२ गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचा कट-ऑफ १८६ होतो. हा हिशेब घरी बसून दोन मिनिटांत करता येतो आणि मागील वर्षांचे महाविद्यालयनिहाय कट-ऑफही उपलब्ध असतात. तरीही १८६ गुणांना यंदा कितवा क्रमांक मिळेल, हे इतरांच्या गुणांवर अवलंबून असल्याने जूनअखेरपर्यंत कळत नाही. खासगी संस्थांच्या लवकर प्रवेशाला मागणी निर्माण होते ती या अनिश्चिततेतूनच.

परत मिळणारी रक्कम, परत न मिळणारा खर्च

दोन्ही पर्यायांच्या शुल्कातील तफावत मोठी आहे. राज्याच्या शुल्क निर्धारण समितीने २०१७ मध्ये विनाअनुदानित महाविद्यालयांतील शासकीय कोट्याच्या जागांसाठी वार्षिक ५०,००० रुपये आणि राष्ट्रीय मानांकन मंडळाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांसाठी ५५,००० रुपये शुल्क ठरवले होते. अण्णा विद्यापीठाच्या गिंडी येथील जुन्या महाविद्यालयात किंवा शासकीय महाविद्यालयांत खर्च याहूनही कमी येतो. अभिमत विद्यापीठांचे वार्षिक शुल्क मात्र लाखांच्या घरात असते. व्हीआयटीमध्ये प्रवेश परीक्षेतील क्रमांकानुसार शुल्काच्या श्रेणी ठरतात. क्रमांक जितका मागे, तितके त्याच शाखेचे शुल्क अधिक. त्यामुळे लवकर निर्णय घेणाऱ्या मधल्या गुणवत्तेच्या विद्यार्थ्याला निश्चिंततेची सर्वाधिक किंमत मोजावी लागते.

विद्यार्थी पुढे शासकीय जागेवर गेला तर भरलेले शुल्क परत मिळावे, यासाठी नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत द्यावे लागते; त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. त्यानंतर हे प्रमाण ९०, ८० आणि ५० टक्के असे उतरत जाते आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटल्यावर काहीही परत मिळत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यासही या अधिसूचनेने मनाई केली. पुढे प्रवेश लांबत गेल्याने आयोगाने काही वर्षांसाठी अधिक उदार तरतूद केली. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केलेल्या प्रवेशांचे संपूर्ण शुल्क परत करण्याचे आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत १,००० रुपयांहून अधिक कपात न करण्याचे निर्देश देण्यात आले.

नियम कागदावर विद्यार्थ्याच्या बाजूने आहे. पण तो मुद्दल परत देतो, त्यावरचा खर्च नाही. समजा, एखाद्या कुटुंबाने मे महिन्यात दोन लाख रुपये १२ टक्के व्याजाने उभे केले आणि ती रक्कम पाच महिन्यांनी परत मिळाली, तर केवळ व्याजापोटी १०,००० रुपये जातात. ज्या घरात ठेवी आहेत तेथे हा आकडा नगण्य ठरतो. दागिने गहाण ठेवून शुल्क भरणाऱ्या घरात तो पुढच्या सत्राच्या पुस्तकांचा आणि प्रवासाचा खर्च असतो. शिवाय परतावा मिळेपर्यंत दुसऱ्या महाविद्यालयाचे शुल्क भरायला हाती पैसा हवा. मुद्दल अडकलेले असताना हे दुसरे शुल्क उभे न राहणे, हे नियमाच्या चौकटीत न दिसणारे पण निर्णयावर सर्वाधिक प्रभाव टाकणारे कारण आहे.

परतावा न मिळाल्यास दाद मागण्याचा मार्गही सरळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 'इस्लामिक अकॅडमी' प्रकरणात २००३ मध्ये संस्थांना एका वेळी एका सत्राचे किंवा एका वर्षाचेच शुल्क घेता येईल, असे स्पष्ट केले होते. शिक्षणसंस्था ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात का, याबाबत मात्र न्यायालयीन निर्णयांत एकवाक्यता राहिलेली नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये नकारार्थी भूमिका घेतली आणि त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दाखल करून घेतले. ग्राहक मंचाचे दार अनिश्चित असले की सामान्य पालकासमोर आयोगाकडे किंवा परिषदेकडे तक्रार करण्याचा मार्ग उरतो. वर्ग सुरू झालेले असताना त्याचा पाठपुरावा करणे सर्वांना जमत नाही.

मधल्या वर्गाची कोंडी

थांबण्याची किंमत सरकारने उचलली तर काय होते, याचे उदाहरणही तमिळनाडूतच आहे. राज्याने २०२० मध्ये वैद्यकीय आणि २०२१ मध्ये अभियांत्रिकीसह अन्य व्यावसायिक अभ्यासक्रमांत शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी ७.५ टक्के जागा राखून ठेवल्या. या जागांवर प्रवेश घेणाऱ्यांचे शिक्षण व वसतिगृहाचे शुल्क सरकार भरते. शासकीय शाळांतून उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलींना २०२२ पासून आणि मुलांना २०२४ पासून दरमहा १,००० रुपयांचे साह्यही मिळते. वेस्ट मांबलमला लागून असलेल्या अशोक नगरातील शासकीय मुलींच्या शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थिनीला जुलैपर्यंत थांबताना आर्थिक धास्ती बाळगण्याचे कारण तुलनेने कमी आहे. तिची फेरी स्वतंत्र आहे आणि तिचे शुल्क सरकारच्या माथी आहे.

कोंडी होते ती याच गल्ल्यांतील खासगी शाळेत शिकलेल्या, पण मर्यादित उत्पन्नाच्या घरातील मुलाची. तो ७.५ टक्क्यांच्या तरतुदीत बसत नाही आणि अभिमत विद्यापीठाचे चार वर्षांचे शुल्क सहज भरण्याइतकी ऐपतही घरात नसते. कुटुंबातील पहिला पदवीधर असल्यास मिळणारी शुल्कसवलत त्याला लागू होत नाही, कारण त्याचे आईवडील किंवा आजोबा पदवीधर आहेत. शासनाच्या दृष्टीने तो गरजू नाही आणि खासगी संस्थेच्या दृष्टीने तो घाई करणारा ग्राहक आहे.

अमेरिकेतील धडा

लवकर प्रवेशाची पद्धत सर्वाधिक रूढ झाली ती अमेरिकेत. तेथे 'अर्ली डिसिजन' पद्धतीत विद्यार्थी नोव्हेंबरच्या सुमारास एकाच महाविद्यालयाकडे अर्ज करतो, डिसेंबरच्या मध्यास निर्णय कळतो आणि प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारण्याचे बंधन त्याच्यावर असते. 'अर्ली अ‍ॅक्शन' पद्धतीत निर्णय लवकर कळतो, पण बंधन नसते. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या चेन्नई, पुणे व मुंबईतील विद्यार्थ्यांना हे शब्द आता परिचित आहेत.

तेथील टीकेचा मुख्य मुद्दा आपल्यासारखाच आहे. बंधनकारक अर्ज करणाऱ्याला वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या आर्थिक साह्याची तुलना करता येत नाही; त्यामुळे ज्याला तुलना करण्याची गरजच नाही, तोच निर्धास्तपणे असा अर्ज करतो. ख्रिस्तोफर अ‍ॅव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांच्या २००३ मधील अभ्यासाने लवकर अर्ज करण्याचा लाभ सॅट परीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या वाढीइतका असल्याचे दाखवले होते. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये लवकर प्रवेश बंद करण्याची घोषणा केली. परंतु इतरांनी साथ न दिल्याने २०११ मध्ये दोघांनीही तो पुन्हा सुरू केला. ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ महाविद्यालयांविरुद्ध याच पद्धतीवरून स्पर्धाविरोधी व्यवहाराचा दावा दाखल झाला आहे. एखादी संस्था एकटीने घाई सोडू शकत नाही, हा त्या अनुभवाचा अर्थ आहे. सर्वांसाठी एक नियम असेल तरच कोणालाही थांबणे शक्य होते.

निवड केव्हा करावी : ऑनर्सचा प्रश्न

प्रवेशानंतरही निवडीचा एक टप्पा असतो. तो म्हणजे ऑनर्स पदवीसाठीची निवड. येथेही प्रश्न तोच आहे : विद्यार्थ्याची क्षमता किती लवकर ठरवायची?

भारतात सध्या तीन वेगवेगळी उत्तरे दिसतात. पहिले उत्तर प्रवेशद्वारावरच निवड करण्याचे आहे. चेन्नईजवळ सिरुसेरी येथील चेन्नई गणितीय संस्थेत गणित व संगणकशास्त्राची बी.एस्सी. ऑनर्स पदवी संस्थेच्या स्वतंत्र लेखी परीक्षेतून मिळणाऱ्या प्रवेशावर अवलंबून असते. विषय एकच आणि जागा मोजक्या असल्याने ही पद्धत तेथे सुसंगत वाटते.

दुसरे उत्तर उशिरा निवड करण्याचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार १२० श्रेयांकांवर तीन वर्षांची आणि १६० श्रेयांकांवर चार वर्षांची ऑनर्स पदवी मिळते. संशोधनासह ऑनर्स करायचे असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. या गुणांना पुढेही महत्त्व आहे, कारण चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवणाऱ्याला पदव्युत्तर पदवीशिवाय पीएच.डी.कडे वळता येते. अभियांत्रिकीत तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने १६० श्रेयांकांच्या पदवीवर २० अतिरिक्त श्रेयांक पूर्ण करणाऱ्यास ऑनर्स देण्याची मुभा ठेवली.

तिसरे उत्तर दोहोंच्या मधले आहे. कमी कालावधीत पदवी पूर्ण करण्याची मुभा देणाऱ्या आयोगाच्या नव्या व्यवस्थेत विद्यार्थ्याची निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी करायची आहे आणि अशा विद्यार्थ्यांचे प्रमाण मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत ठेवता येते.

यांपैकी उशिरा होणारी निवड तत्त्वतः अधिक न्याय्य आहे. तमिळ माध्यमातून किंवा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची पहिली दोन सत्रे इंग्रजीतील व्याख्याने समजून घेण्यातच जातात. दुसऱ्या सत्राच्या गुणांवर त्याची क्षमता ठरवली तर भाषेची अडचण बुद्धिमत्तेच्या खात्यात जमा होते. मात्र सहा सत्रांची सरासरी घेतल्यानेही ही अडचण पूर्णपणे दूर होत नाही, कारण सुरुवातीचे कमी गुण त्या सरासरीत कायम राहतात. नंतरच्या सत्रांना अधिक भार देण्याचा विचार विद्यापीठांनी करायला हरकत नाही. दुसरे असे की चौथ्या वर्षाचा खर्च, नोकरी एका वर्षाने लांबणे आणि जवळच्या महाविद्यालयात संशोधन मार्गदर्शक उपलब्ध असणे या गोष्टी गुणांइतक्याच निर्णायक ठरतात. थांबणे कोणाला परवडते, हा प्रश्न येथे पुन्हा समोर येतो.

महाराष्ट्राचा संबंध

तमिळनाडूतील हे चित्र मराठी पालकांना परके नाही. महाराष्ट्राचा बारावीचा निकाल २०२५ मध्ये ५ मे रोजी लागला, तर अभियांत्रिकीसाठीच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा निकाल जूनच्या मध्यास आला आणि कॅप फेऱ्या त्यानंतर झाल्या. या काळात दक्षिणेतील अभिमत विद्यापीठांची जागावाटप प्रक्रिया सुरू असल्याने अनेक मराठी विद्यार्थी वेल्लूर वा चेन्नईतील जागा निश्चित करून ठेवतात. त्यांच्यासमोरही शुल्क भरायचे की थांबायचे, हाच पेच असतो. फक्त त्यात दुसऱ्या राज्यातील वसतिगृहाची अनामत रक्कम आणि परताव्यासाठी हजार किलोमीटर अंतरावरून करायचा पत्रव्यवहार यांची भर पडते.

महाराष्ट्राने २०२५-२६ पासून कॅप फेऱ्यांत पसंतीक्रमानुसार जागा आपोआप निश्चित करण्याचा नियम कडक केला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी जागा मिळाल्यास ती स्वीकारावी लागते. यामुळे अडवलेल्या जागांचा प्रश्न हलका होतो. पण हा निर्बंध फक्त शासकीय प्रक्रियेतील विद्यार्थ्यावर आहे. प्रक्रियेबाहेर आधीच शुल्क गोळा करणाऱ्या संस्थेवर तसे कोणतेही समांतर बंधन नाही.

घाई नको, पण लवकर चालेल

लवकर प्रवेश देणे हे स्वतःहून अन्यायकारक नाही, याचेही उदाहरण चेन्नईतच आहे. मद्रास आयआयटीने २०२० मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमासाठी अकरावी पूर्ण केलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. चार आठवड्यांचा अभ्यास आणि त्यानंतरची पात्रता परीक्षा पार केल्यास त्याची जागा बारावी उत्तीर्ण होईपर्यंत राखली जाते. निवड लवकर होते, पण ती चाचणीच्या गुणांपेक्षा प्रत्यक्ष अभ्यासावर अधिक आधारलेली असते. शुल्क अभ्यासलेल्या विषयांनुसार भरायचे असते, उत्पन्नानुसार सवलत मिळते आणि प्रमाणपत्र, पदविका वा पदवी अशा टप्प्यांवर बाहेर पडता येते. जोखीम विद्यार्थ्यावर लादलेली नाही, हा या रचनेचा गाभा आहे.

याच निकषावर अन्य लवकर प्रवेशांची तपासणी करता येईल. त्यासाठी तीन उपाय व्यवहार्य दिसतात. एक, केंद्रीय समुपदेशन पूर्ण होईपर्यंत कोणत्याही संस्थेने जागा राखण्यासाठी घ्यायच्या रकमेला राष्ट्रीय मर्यादा असावी आणि पूर्ण शुल्क वर्ग सुरू होतानाच घेतले जावे. दोन, परतावा ठरावीक दिवसांत न दिल्यास संस्थेने व्याज द्यावे. त्यामुळे विलंबाची किंमत विलंब करणाऱ्याकडे जाईल. तीन, गुणवत्ता यादी लागेपर्यंत न थांबता, राज्यांनी निकालाच्या आठवड्यातच गुणांचे वितरण आणि अंदाजे क्रमांक जाहीर करावेत. तमिळनाडूची पद्धत केवळ बारावीच्या गुणांवर चालत असल्याने तेथे हे सर्वांत सोपे आहे. १८६ गुणांच्या विद्यार्थ्याला आपला अंदाजे क्रमांक मे महिन्यातच कळला, तर खासगी संस्थेची मुदत संपण्यापूर्वी त्याचा निर्णय भीतीऐवजी माहितीवर आधारलेला असेल.

या उपायांना अभिमत विद्यापीठांचा विरोध होणे स्वाभाविक आहे. शेवटच्या क्षणी रिकाम्या होणाऱ्या जागांचा तोटा त्यांना खरोखरच सोसावा लागतो आणि त्यांच्याकडे शासनाचे अनुदान नसते. म्हणूनच जोखीम एकाच्या खांद्यावरून काढून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे हे उत्तर होऊ शकत नाही. केंद्र, राज्ये आणि खासगी संस्था यांच्या प्रवेशाच्या तारखा एकमेकांशी जुळवणे हाच दीर्घकालीन मार्ग आहे आणि त्यासाठीचे अधिकार आयोग व परिषद या दोन्ही नियामकांकडे आजही आहेत.

पुढील हंगामात खासगी परीक्षांचे निकाल, मंडळांचे निकाल आणि समुपदेशन फेऱ्या यांतील अंतर किती राहते आणि आयोग परताव्याची मुदत केव्हा जाहीर करतो, याकडे लक्ष ठेवावे लागेल. परताव्याचे निर्देश शुल्क भरण्याच्या मुदतीपूर्वी निघाले तर ते पालकांना निर्णय घेताना उपयोगी पडतात. मुदत उलटल्यावर निघाले तर केवळ तक्रार करताना. वेस्ट मांबलमसारख्या वस्तीतील घरांसाठी या दोहोंत एका सत्राच्या शुल्काइतके अंतर आहे.